लघवी नीट होते, मग किडनी बिघडली कशी?

रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, वाढून ४.२ आलेलं असतं आणि घरातले सगळे एकच प्रश्न विचारतात : "पण लघवी तर अगदी व्यवस्थित होते, दिवसातून सहा-सात वेळा जातात. मग किडनी खराब कशी होईल?" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. शरीरातले टाकाऊ पदार्थ लघवीवाटे बाहेर जातात हे आपण शाळेत शिकलेलो असतो. म्हणजे लघवी होते तोवर घाण जातेय, असा सरळ हिशोब. तो कुठे चुकतो हे कळायला किडनीचं काम आकड्यांसकट पाहावं लागतं. किडनी बहुतेक टाकाऊ पदार्थ वेचून बाहेर टाकत नाही. आधी ती जवळजवळ सगळंच बाहेर काढते आणि मग त्यातलं कामाचं परत घेते. दिवाळीआधी माळा आवरताना सगळं सामान खाली उतरवून फक्त लागणाऱ्या वस्तू परत वर ठेवतात, तसंच.

टाकाऊ पदार्थ येतात कुठून

शौचावाटे जातं ते बहुतेक न पचलेलं अन्न, चोथा आणि आतड्यातले जिवाणू. हे पदार्थ पेशींच्या आत कधी गेलेलेच नसतात, म्हणून शास्त्राच्या अर्थाने ते उत्सर्जनात धरत नाहीत. उत्सर्जन म्हणजे पेशींच्या कामकाजातून तयार झालेलं टाकाऊ द्रव्य बाहेर घालवणं.

त्यातला आकारमानाने सगळ्यात मोठा भाग कार्बन डायऑक्साइडचा. नुसतं बसून राहिलं तरी मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर वायू तयार होतो आणि तो फुप्फुसं बाहेर टाकतात. श्वास काही मिनिटं थांबला तर जीव धोक्यात येतो. त्यामागे प्राणवायूची कमतरता असतेच, शिवाय साठलेल्या या वायूमुळे रक्त झपाट्याने आम्लधर्मी होतं.

दुसरा भाग प्रथिनांचा. डाळ, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांचे तुकडे झाले की त्यातल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनतो. अमोनिया मेंदूला विषारी असतो. यकृत त्याचा लगेच युरिया करतं. युरिया बराच निरुपद्रवी आणि पाण्यात सहज विरघळणारा. हे चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलं. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्या माणसात १५ ते २० ग्रॅम युरिया तयार होतो. यकृत निकामी झालेल्या रुग्णाला भ्रम होतो, झोप उलटसुलट होते, शेवटी शुद्ध हरपते, त्यात या न बदललेल्या अमोनियाचा मोठा वाटा असतो.

तिसरा पदार्थ क्रिएटिनिन. तो स्नायूंमधून येतो आणि रोज जवळपास ठरावीक प्रमाणात येतो, मोठ्या माणसात १ ते २ ग्रॅम. हा ठरावीकपणा पुढे फार उपयोगी पडणार आहे. चौथं युरिक आम्ल, पेशींच्या केंद्रकातल्या द्रव्याच्या विघटनातून येणारं. पाचवं बिलिरुबिन. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडल्यावर हिमोग्लोबिनमधून हा पिवळा पदार्थ निघतो, यकृत तो पाण्यात विरघळेल असा करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात. मळाचा तपकिरी रंग आणि लघवीचा पिवळा रंग, दोन्ही मूळ याच पदार्थाचे. पित्ताची वाट अडली तर मळ पांढुरका आणि लघवी गडद होते, ते यामुळेच.

घामातून थोडं मीठ आणि थोडा युरिया जातो खरा, पण घामाचं काम शरीर थंड ठेवणं हे आहे. घाम गाळून किंवा हिरवे रस पिऊन शरीराचं "डिटॉक्स" होत नाही. उलट पालकासारख्या ऑक्झलेटने भरलेल्या भाज्यांचे रस रोज मोठ्या प्रमाणात प्यायल्याने किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक साचून ती बिघडल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

दिवसाला १८० लिटर

किडन्या पोटात पुढे नसतात, पाठीकडे असतात, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. यकृतामुळे उजवी थोडी खाली. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, दोन्हींचं मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का. पण हृदय मिनिटाला जे पाच लिटर रक्त ढकलतं, त्यातलं एक लिटरहून जास्त एवढ्याशा या दोन अवयवांकडे जातं. त्यांच्या स्वतःच्या गरजेपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. ते येतं गाळण्यासाठी.

गाळण्याचं काम नेफ्रॉन करतो. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. माणसामाणसांत ही संख्या बरीच वेगळी असते, आणि आईच्या पोटातल्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत जे बनतात तेवढेच. जन्मानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची बाळं कमी नेफ्रॉन घेऊन जन्मतात. म्हणून गरोदरपणातल्या पोषणाचा संबंध पुढे चाळिशी-पन्नाशीतल्या रक्तदाबाशी आणि किडनीशी लागतो.

नेफ्रॉनच्या टोकाला बारीक केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. त्याला कवेत घेणारी पिशवी म्हणजे बोमनचं संपुट, विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये वर्णन केलेलं. शरीरात इतरत्र केशवाहिनीतून रक्त बाहेर पडतं ते शिरेत. इथे मात्र आत येणारी एक धमनिका आणि बाहेर जाणारीही धमनिकाच. दोन्हीकडे स्नायूंचं आवरण असल्यामुळे मधल्या गुंत्यातला दाब चढा ठेवता येतो आणि हवा तसा बदलताही येतो. या दाबाने रक्तातलं पाणी भिंतीतून संपुटात ढकललं जातं. त्यासोबत मीठ, साखर, अमिनो आम्लं, युरिया, क्रिएटिनिन असे सगळे लहान रेणू जातात. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं मागे राहतात.

निरोगी तरुण माणसात असं मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर गाळलं जातं. दिवसाचे झाले १८० लिटर. अंगात रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तो सगळाच्या सगळा दिवसात साठ वेळा गाळला जातो. या १८० लिटरमध्ये सुमारे दीड किलो मीठ आणि १८० ग्रॅम साखर असते. हे सगळं लघवीवाटे गेलं तर माणूस तासाभरातच कोसळेल. म्हणून नेफ्रॉनचा पुढचा सगळा लांबलचक भाग, म्हणजे नलिका, परत घेण्याच्या कामाला जुंपलेला असतो.

नलिकेचा पहिला नागमोडी भाग दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतो, शिवाय साखर आणि अमिनो आम्लं जवळजवळ सगळी. साखर परत घेण्याला मात्र मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की नलिकेची क्षमता संपते आणि उरलेली साखर लघवीत उतरते. सोबत पाणीही ओढून नेते, म्हणून मधुमेहात लघवी जास्त आणि तहान जास्त. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर परत घेण्याची हीच वाट मुद्दाम अडवतात. ती मधुमेहासाठी आली, पण किडनीचा ऱ्हास मंदावण्यासाठी आता मधुमेह नसलेल्यांनाही देतात.

त्यानंतर नलिका किडनीच्या गाभ्यात खोल उतरून पुन्हा वर येते. हे हेन्लेचं वळण. गाभ्यात मीठ आणि युरिया दाट साठवून ठेवण्याचं काम ते करतं, आणि त्या दाटपणाच्या जोरावर शेवटी लघवीतलं पाणी ओढून घेता येतं. किती ओढायचं हे मेंदूतून येणारं एडीएच नावाचं संप्रेरक ठरवतं. उन्हात दिवसभर पाणी मिळालं नाही तर लघवी थोडी आणि गडद होते. भरपूर पाणी प्यायल्यावर पांढरी स्वच्छ. पण अगदी तहानलेल्या अवस्थेतही दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास लघवी व्हावीच लागते, कारण त्याहून कमी पाण्यात रोजचा टाकाऊ माल विरघळू शकत नाही.

एक तिसरं कामही वाटेत चालतं. काही पदार्थ नलिका स्वतः रक्तातून ओढून लघवीत टाकते : पोटॅशियम, जास्तीचं आम्ल, पेनिसिलिनसारखी औषधं. शेवटी १८० लिटरमधलं ९९ टक्के परत जाऊन दीड-दोन लिटर उरतं. युरिया त्यातला जवळजवळ निम्मा परत गेलेला असतो. क्रिएटिनिन मात्र अजिबात परत घेतलं जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे

समजा किडनीची गाळण्याची क्षमता १० टक्क्यांवर आली. म्हणजे दिवसाला १८० ऐवजी १८ लिटर. लघवी किती होईल? शरीराला दोन लिटर पाणी बाहेर घालवायचं असेल तर नलिका १७८ लिटरऐवजी १६ लिटरच परत घेते, आणि लघवी पहिल्यासारखी दोन लिटरच होते. मापात फरक शून्य. कित्येकदा उलटंच घडतं : बिघडलेल्या किडनीला लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे ती जास्त होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. घरचे म्हणतात, लघवी तर भरपूर होते. खरं तर रात्रीची वाढलेली लघवी हेच पुष्कळदा पहिलं लक्षण असतं.

आणि टाकाऊ पदार्थ? क्रिएटिनिन स्नायूंतून रोज तेवढंच येत राहतं, पण गाळलं जातं दहावा भाग. मग ते रक्तात साठतं. साठत साठत पातळी दहापटीच्या आसपास गेली की दहावा भाग गाळूनही पूर्वीइतकंच क्रिएटिनिन बाहेर पडू लागतं, आणि पातळी तिथे स्थिरावते. म्हणजे लघवीचं माप तेच आणि लघवीतला टाकाऊ मालही तेवढाच; फरक एवढाच की तो बाहेर काढण्यासाठी रक्त सतत दूषित ठेवावं लागतं. मळमळ, खाज, भूक मरणं, तोंडाला घाण चव, धाप हे सगळं त्या दूषित रक्तामुळे. म्हणून लघवीकडे पाहून किडनीचं गाळण कळत नाही, रक्त तपासावंच लागतं.

क्रिएटिनिनचा आकडा कसा वाचायचा

वरच्या हिशोबातून एक ढोबळ नियम निघतो : गाळण निम्मं झालं की क्रिएटिनिन दुप्पट होतं. यात एक मोठी फसगत दडलेली आहे. एखाद्या बाईचं क्रिएटिनिन वर्षानुवर्षं ०.६ होतं आणि आता १.१ आहे. लॅबच्या छापील मर्यादेत दोन्ही आकडे "नॉर्मल". पण तिची जवळजवळ निम्मी क्षमता गेलेली असू शकते. उलट ४.० वरून ४.५ ही तेवढीच वाढ त्या मानाने फार छोटी. सुरुवातीचा ऱ्हास आकड्यात दिसतच नाही आणि शेवटचा थोडासा ऱ्हास आकडा भराभर फुगवतो. "दोन वर्षांपूर्वी सगळं चांगलं होतं, एकदम कशी गेली?" याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं.

म्हणून क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर पाहावा. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून सूत्राने काढलेला हा गाळण्याच्या वेगाचा अंदाज असतो. २०२१ च्या प्रचलित सूत्राने, क्रिएटिनिन तेच १.२ असताना पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ८६ च्या आसपास येतो आणि साठ वर्षांच्या बाईचा ५२ च्या आसपास. आकडा एक, अर्थ दोन. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. ३० च्या खाली गेल्यावर किडनीतज्ज्ञांकडे गेलंच पाहिजे. १५ च्या खाली म्हणजे शेवटचा टप्पा. अतिशय कृश माणसात स्नायूच कमी असल्याने क्रिएटिनिन फसवं कमी दिसतं. आदल्या रात्री भरपूर मटण खाल्लं किंवा व्यायामशाळेतली क्रिएटीनची पावडर चालू असेल तर ते जास्त दिसू शकतं.

दुसरी तपासणी लघवीची, आणि माझ्या मते आपल्याकडे हिची सगळ्यात जास्त उपेक्षा होते. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, रिपोर्टवर एसीआर. गाळणाऱ्या भिंतीला इजा झाली की मागे राहायला हवं ते अल्ब्युमिन लघवीत झिरपायला लागतं. क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी. एसीआर ३० च्या आत असावा. ३० ते ३०० हा इशारा. ३०० च्या वर गेल्यास इजा बरीच झालेली असते. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांमुळे तो तात्पुरता वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनदा करून दोनदा वाढलेला आला तरच खरा मानतात. टाइप २ मधुमेहात निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी ही तपासणी हवी. लघवीला रोज येणारा आणि बराच वेळ न विरणारा फेस दिसला तरीही हीच तपासणी करायची.

बिघडते कशाने

सगळ्यात मोठी दोन कारणं मधुमेह आणि उच्च रक्तदाब. दोन्ही ग्लोमेरुलसच्या भिंतीवर वर्षानुवर्षं ताण देतात. काही नेफ्रॉन मरतात, उरलेल्यांवर जास्त दाब येतो, तेही मरतात. एकदा हे चक्र बरंच पुढे गेलं की मूळ कारण आटोक्यात आलं तरी ऱ्हास हळूहळू चालू राहतो. म्हणून किडनीच्या रुग्णाचा रक्तदाब १३० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी औषधं यात खास उपयोगी, कारण ती बाहेर जाणारी धमनिका सैल करून गुंत्यातला दाब कमी करतात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित धरतात. ती पाहून घाबरून गोळी स्वतःहून बंद करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचं दीर्घकाळाचं नुकसान होतं.

गुडघेदुखीच्या गोळ्यांबद्दल इथे सविस्तर सांगायलाच हवं. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या औषधांमुळे आत येणारी धमनिका आकुंचते, कारण तिला रुंद ठेवणारी द्रव्यं ती थांबवतात. निरोगी, पाणी नीट पिणाऱ्या तरुणाला दोन-चार दिवस काही होत नाही. पण सत्तरीचा माणूस, रक्तदाबाची टेल्मिसार्टन चालू, सोबत लघवी वाढवणारी गोळी, त्यात जुलाब झाले आणि अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक आणलं : आत येणारी वाट अरुंद, बाहेर जाणारी सैल, आणि शरीरात पाणीच कमी. ग्लोमेरुलसमधला दाब कोसळतो आणि किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडते. वेळेत ओळखलं तर ती बहुतेकदा पुन्हा सुरू होते. उलट्या-जुलाब चालू असताना रक्तदाबाच्या या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावं. दुखण्यासाठी योग्य मात्रेतली पॅरासिटामॉल किडनीच्या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित.

पारा असलेली देशी औषधं आणि त्वचा उजळवणारी बिननावाची क्रीमं हेही खरं कारण आहे. पाऱ्यामुळे गाळणारी भिंत गळू लागते, अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिनं जातात. तरुण मुलीचे पाय आणि चेहरा सुजला असेल तर कोणतं क्रीम लावते हे विचारायला हवं. ते थांबवल्यावर सुधारणा होते.

काही कारणं आपल्या हवामानाशी आणि शेतीशी जोडलेली आहेत. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोस्पायरोसिस होतो, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमांवाटे. २००५ च्या मुंबईतल्या महापुरानंतर त्याची मोठी साथ आली होती. ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना, डोळे लाल, आणि मग लघवी कमी. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि किडनी बंद पडू शकते, म्हणून सर्पदंशानंतर लघवी किती झाली आणि कोणत्या रंगाची झाली हे रुग्णालयात मोजत राहतात. आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तासन्‌तास उन्हात काम करणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी पुन्हापुन्हा कमी होणं, त्याचाही किडनीवर ताण येतो. शेतावर, बांधकामावर, बाजारात बायकांना लघवीला जायची सोय नसते म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. स्त्रियांचा मूत्रमार्ग फक्त ४ सेंटिमीटरचा, पुरुषांचा १८-२० सेंटिमीटरचा, त्यामुळे जंतुसंसर्ग त्यांना मुळातच सहज होतो. त्यात कमी पाणी आणि रोखून धरलेली लघवी. हा प्रश्न औषधाने सुटणारा नाही, तिथे शौचालयच लागतं.

खडे आणि मूत्राशय

मूतखड्यांपैकी बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. ५ मिलिमीटरच्या आतला खडा सहसा आपोआप पडतो. मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि तीन ठिकाणी अरुंद : किडनीतून निघताना, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा तिथे अडला की कुशीतून जांघेकडे जाणारी असह्य कळ येते. खड्यासोबत थंडीताप आला तर तीच रात्र रुग्णालयात काढायची, थांबायचं नाही. अडलेल्या लघवीत जंतू वाढून काही तासांत रुग्ण दगावू शकतो.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर *लघवी* होईल इतकं पाणी प्यायला हवं. उन्हाळ्यात त्यासाठी तीन-चार लिटर लागू शकतं. मीठ कमी करायचं, कारण जास्त मीठ लघवीतलं कॅल्शियम वाढवतं. दूध-दही मात्र बंद करू नये. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते तोडलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि खडे वाढतात. पालक कमी करावा, टोमॅटोच्या बियांना घाबरायचं कारण नाही. लिंबू चांगलं. हुलग्याचं पाणी प्यायल्याने पाणी पोटात जातं तो फायदा आहेच, पण झालेला कॅल्शियमचा खडा विरघळत नाही. औषधाने विरघळू शकतात ते युरिक आम्लाचे.

मूत्राशयात १५०-२०० मिलिलिटर साठल्यावर पहिली जाणीव होते, ४००-५०० पर्यंत माणूस धरू शकतो. वाढलेली प्रोस्टेट किंवा मधुमेहाने दुबळ्या झालेल्या नसा यांमुळे लघवी पूर्ण उतरत नाही, मागे साठत जाते आणि तो दाब वर किडनीपर्यंत पोचतो. म्हातारा माणूस थेंबथेंब लघवी होते म्हणत असेल तर सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर किती शिल्लक राहते ते मोजून घ्यावं. लघवीतून रक्त गेलं आणि काहीच दुखलं नाही, तर त्याकडे जास्तच लक्ष द्यायचं, विशेषतः तंबाखू-विडी ओढणाऱ्यांनी : मूत्राशयाचा कर्करोग असाच सुरू होतो. बीट खाल्ल्यावर लाल, क्षयाच्या रिफाम्पिसिनने केशरी आणि बी-कॉम्प्लेक्सने झगझगीत पिवळी झालेली लघवी मात्र निरुपद्रवी.

किडनी बंद पडल्यावर

शेवटच्या टप्प्यात सगळ्यात घातक ठरतं पोटॅशियम. रक्तात ते ३.५ ते ५ असावं, ६.५ च्या वर हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. म्हणून आजाऱ्याला प्रेमाने दिलेलं शहाळ्याचं पाणी या रुग्णाला विषासारखं ठरतं. "कमी सोडियमचं" म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. कोकण-गोव्यातली करंबळं, म्हणजे आडवी कापल्यावर चांदणीसारखी चकती निघणारं स्टारफ्रूट, यांनी अशा रुग्णांत न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येतात. ते अजिबात देऊ नये. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की पोटॅशियम बरंच कमी होतं. किडनी तांबड्या पेशी तयार करायला लावणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरकही बनवते आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम करते. त्यामुळे या रुग्णांत रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही.

डायलिसिसचं पहिलं चालू यंत्र विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, सॉसेजच्या सेलोफेन नळीपासून बनवलं. आजचं तत्त्व तेच. रक्त पातळ पडद्याच्या एका बाजूने, शुद्ध द्राव दुसऱ्या बाजूने. चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर द्राव वापरला जातो. आठवड्यातून तीनदा केलं तरी ते १२ तास होतात. निरोगी किडन्या आठवड्याचे १६८ तास काम करतात. म्हणून दोन बैठकांमध्ये पाणी आणि मीठ मोजून घ्यावं लागतं, आणि "आज बरं वाटतंय" म्हणून बैठक चुकवणं धोक्याचं असतं. पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिसही आहे, त्यात साधारण दोन लिटरची पिशवी दिवसातून तीन-चार वेळा बदलायची. स्वच्छता पाळता आली तर खेड्यात राहणाऱ्यासाठी ते फार सोयीचं. आपल्याकडे त्याची माहितीच कमी लोकांना दिली जाते.

प्रत्यारोपणात जुन्या किडन्या बहुधा तशाच ठेवतात आणि नवी खाली ओटीपोटात बसवतात. दात्याची उरलेली किडनी काही महिन्यांत आपलं काम वाढवून आधीच्या एकूण क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आसपास पोचते. भारतात हे सगळं १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली चालतं. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडे, रुग्णालयामार्फत, नाव नोंदवावं लागतं. यादी लांब असते, म्हणून नोंदणीला उशीर करू नये.

ईजीएफआर २० च्या आसपास आला की आणखी एक तयारी लागते, आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात. तो वापरण्याजोगा व्हायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. तोपर्यंत डायलिसिसची वेळ आली तर मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होतो. त्यामुळे ज्या हाताने आपण लिहीत-जेवत नाही, त्या हाताच्या मनगटापासून वरच्या शिरा आतापासून राखून ठेवायच्या. त्या हाताला सलाईन लावू द्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही. नर्सला दुसरा हात पुढे करायचा. तिथे शीर मिळाली नाही तर पंजाच्या मागच्या बाजूची घ्यायला सांगायचं.